डब्यावर प्रिंटरची किंमत आहे, पानाची किंमत कुठे आहे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या शिकवणीतल्या दोन मुलांच्या आया या आठवड्यात एकच प्रश्न घेऊन आल्या. "बाई, घरी प्रिंटर घेऊन टाकू का? साडेतीन हजारांत मिळतोय." शाळा सुरू व्हायच्या तोंडावर दुकानांतून ऑफर लागल्या आहेत, मुलांचे प्रकल्प, सरावाच्या प्रश्नपत्रिका, दाखल्यांच्या प्रती सगळं आता मोबाइलवर येतं आणि कागदावर उतरवावं लागतं, तेव्हा त्यांचं विचारणं बरोबरच होतं. दोघींनाही मी "थांबा" म्हटलं. का थांबा, ते सांगता सांगता अर्धा तास गेला. तेच आपल्या वाचकांनाही सांगावंसं वाटलं, म्हणून हे पत्र.

मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहते. गेली ११ वर्षं घरीच शिकवणी घेते. दुसरी ते सातवी, मराठी माध्यम, सध्या १४ मुलं, महिन्याला प्रत्येकी ५०० रुपये. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाची आई कंपनीत पॅकिंगला जाते. या मुलांना महागडी सराव पुस्तकं घ्या म्हणून सांगवत नाही, त्यामुळे मी स्वतः प्रश्नपत्रिका तयार करते. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत उत्तराचा गोल काळा करायचा असतो, त्याची सवय लागावी म्हणून गोलांचे तक्ते काढून देते. भूगोलासाठी नकाशे लागतात. लहानग्यांना अक्षर मोठं आणि ठळक लागतं. रात्री दहाला पेपर तयार होतो तेव्हा झेरॉक्सचं दुकान बंद झालेलं असतं. म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये लॅमिंग्टन रोडला जाऊन ३,४९९ रुपयांचा इंकजेट प्रिंटर आणला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुकानात त्या किमतीत जे जे होतं त्या सगळ्याची रीत थोड्याफार फरकाने हीच होती.

सोबत आलेली शाई ४१ पानांत संपली. नवीन काळी कार्ट्रिज, म्हणजे शाईची डबी, ८४९ रुपये, रंगीत १,०९९. दोन्ही मिळून १,९४८, म्हणजे प्रिंटरच्या निम्म्याहून जास्त. त्या दिवशी घरी आले आणि एक दोनशे पानी वही घातली. तारीख, किती पानं, काळी की रंगीत, असं रोज लिहीत गेले. जून ते मार्च या दहा महिन्यांत चार काळ्या आणि तीन रंगीत कार्ट्रिज लागल्या. एकूण खर्च ६,६९३ रुपये. निघालेली पानं काळी २९६ आणि रंगीत ११८. काळं पान मला जवळजवळ साडेअकरा रुपयांना पडलं आणि रंगीत २८ रुपयांना. कागद आणि वीज यात धरलेली नाही. आमच्या कोपऱ्यावर प्रिंटचे ५ रुपये घेतात आणि झेरॉक्सचे २. एका महिन्याची चौदाही मुलांची फी ७,००० रुपये होते. ती जवळजवळ सगळी शाईत गेली.

डब्यावर काळ्या कार्ट्रिजची १२० पानं लिहिली आहेत. मला सरासरी ७४ मिळाली. मग कंपनी खोटं लिहिते का? मी हा प्रश्न बराच शोधला. पानांचा आकडा काढायची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे, आयएसओ २४७११ या क्रमांकाची. त्यात पाच पानांचा एक ठरावीक संच असतो आणि तो शाई संपेपर्यंत एका दमात छापत राहतात. आकडा खोटा नसतो, पण घरात असं कुणी छापत नाही. घरात आज चार पानं, मग परवा दोन, मग आठवडाभर काहीच नाही. मधल्या काळात शाई बसून वाळते. प्रिंटर चालू केला की तो आधी घरघर करून शाई सोडणारी आपली भोकं साफ करून घेतो, आणि ती सफाई पाण्याने होत नाही, त्याच शाईने होते. ती शाई आतल्या एका शोषून घेणाऱ्या पट्टीत जाते. ती पानावर कधी येत नाही, पण तिचे पैसे आपण दिलेले असतात.

याचा खरा फटका मला गणपतीत बसला. आम्ही दहा दिवस गावी, राजापूरला गेलो होतो. जाण्याआधी आठच दिवस नवी काळी कार्ट्रिज घातली होती. परत येऊन पहिलं पान काढलं तर प्रत्येक ओळीतून पांढऱ्या रेघा. शिरोरेषा तुटलेली, 'घ' आणि 'ध' एकसारखे दिसायला लागलेले. दुसरीच्या मुलांना तो कागद देता येईना. तीनदा सफाई केली तेव्हा अक्षर जुळलं, पण पडद्यावरची शाईची खूण चांगलीच खाली आली होती. पुढे कळलं की मी घरातून निघताना बोर्डावरचं बटण बंद करायचे, तेच चुकत होतं. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर कार्ट्रिज कडेला जाऊन तिचं तोंड झाकलं जातं. बोर्डावरून वीज तोडली तर ते उघडंच राहू शकतं. एवढी साधी गोष्ट मला दुकानात कुणी सांगितली नाही. आपल्या वाचकांपैकी कुणी माझ्यासारखं करत असेल तर आजपासून थांबवावं.

आता रंगीत कार्ट्रिजचं. एका डबीत तीन शाया असतात, निळसर, गुलाबी आणि पिवळी. माझ्याकडे नकाशे जास्त. महाराष्ट्राच्या नकाशात कोकण किनाऱ्याला लागून अरबी समुद्र, भारताच्या नकाशात तीन बाजूंनी पाणी. निळी शाई भराभर जाते. डिसेंबरमध्ये दुसरी रंगीत कार्ट्रिज संपली म्हणून बदलली, तेव्हा जुनी टाकवेना. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि जुन्या सुरीने तिचं वरचं झाकण उचकटलं. आत स्पंजचे तीन तुकडे होते. निळा फिका पडलेला, दाबला तरी बोटाला नुसता ओलावा. गुलाबी ओला होता. पिवळा दाबला आणि शाई थेट मनगटापर्यंत ओघळली. तीन दिवस माझी बोटं हळदीसारखी पिवळी होती, मुलं विचारत होती, "बाई, कुणाची हळद?" १,०९९ रुपयांच्या त्या डबीत एक रंग संपला होता आणि दोन शिल्लक होते. यंत्राच्या लेखी ती संपलेली होती, आणि मी तिच्याऐवजी पुन्हा तिन्ही रंग विकत घेतले होते.

कार्ट्रिज एवढी महाग का, याचं एक उत्तर कंपन्यांच्या बाजूने द्यायला हवं. माझ्या प्रिंटरच्या जातीत छापणारं डोकं कार्ट्रिजमध्येच असतं. डबीच्या बुडाशी तांबूस पट्ट्या दिसतात, त्यांच्याजवळ केसाहून बारीक भोकांची रांग असते. प्रत्येक भोकामागे शाई क्षणभर तापवली जाते, तिचा बुडबुडा होतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो. इतकी बारीक कारागिरी फुकट होणार नाही, हे मला मान्य आहे. पण मग शाई संपली म्हणून ते धडधाकट डोकं फेकायचं कशासाठी? शाई भरून तेच पुन्हा वापरावं, हे कुणाही गृहिणीच्या लक्षात येईल. आपण डबा संपला की डबा फेकत नाही, त्यात पुन्हा डाळ भरतो.

आमच्याकडे स्टेशनजवळ एक मुलगा सिरिंजने शाई भरून देतो, काळीचे १५० रुपये. मी भरून घेतली. प्रिंटरमध्ये बसवताच पडद्यावर सूचना आली, ही कार्ट्रिज वापरलेली किंवा नकली आहे. शाई किती उरली ते दाखवणंही बंद झालं. कार्ट्रिजवरच्या चकतीत, म्हणजे चिपमध्ये, आधीच्या शाईचा हिशोब साठवलेला असतो आणि तो पुसला जात नाही. माझ्या प्रिंटरने निदान छापलं तरी. काही प्रिंटर तर बाहेरची चकती ओळखली की छापायलाच नकार देतात, आणि ही अडवणूक कधी कधी प्रिंटर विकल्यानंतर इंटरनेटवरून येणाऱ्या अपडेटने होते. माझी मुलगी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने सांगितलं की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात स्पष्ट म्हटलं, कार्ट्रिज एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो आणि ती पुन्हा भरून विकणाऱ्याला त्या हक्काच्या जोरावर रोखता येत नाही. पेटंटचं दार असं बंद झालं, पण चकतीचं कुलूप अजून आहेच.

जानेवारीतली एक रात्र मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी सराव परीक्षा होती. संपूर्ण काळापांढरा पेपर, दोन पानांचा, १४ प्रती. काळी शाई भरपूर होती. पाच प्रती झाल्या आणि प्रिंटर थांबला. रंगीत शाई संपली आहे, बदला. मला रंग नकोच होता! बटणं दाबून पाहिली, बंद करून चालू केला, तो पुढे जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मदतकेंद्राला फोन लावला तर उत्तर मिळालं, "मॅडम, नवीन कार्ट्रिज बसवा." त्या रात्री मात्र मी कपाटातून कार्बन पेपर काढला, तीन-तीन कागदांत घालून उरलेल्या नऊ प्रती हाताने लिहिल्या. झोपायला पावणेदोन झाले. पुढच्या आठवड्यात माझ्या एका विद्यार्थ्याचा मोठा भाऊ घरी आला, तो कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. त्याने झाकण उघडलं, रंगीत कार्ट्रिज बाहेर काढून ठेवली, झाकण लावलं आणि प्रिंटर नुसत्या काळ्यावर छापायला लागला. ही सोय त्या यंत्रात पहिल्यापासून होती. मदतकेंद्रातल्या बाईंना ती ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. मला सांगितली मात्र नाही, १,०९९ रुपयांची वस्तू आणायला सांगितली.

मी लॅमिंग्टन रोडच्या त्या दुकानदाराकडे पुन्हा गेले, भांडायला नव्हे, समजून घ्यायला. माणूस सरळ होता. म्हणाला, "ताई, या यंत्रात कंपनी काही कमवत नाही. कमाई शाईत आहे. तुम्ही टाकीवाला घ्या." टाकीचा प्रिंटर म्हणजे कार्ट्रिजऐवजी बाटलीने शाई भरायची टाकी असलेला. त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. इंडोनेशियात लोकांनी महाग कार्ट्रिजला कंटाळून बाहेर शाईच्या बाटल्या ठेवून नळ्या प्रिंटरमध्ये नेल्या होत्या. ते पाहून एप्सन कंपनीने २०१० मध्ये तिथेच पहिला टाकीचा प्रिंटर विकायला आणला. आता बहुतेक मोठ्या कंपन्यांचे टाकीचे प्रिंटर मिळतात. चारशेच्या आत शाईची बाटली आणि तिच्यात हजारो पानं, असं दुकानदाराने दाखवलं. म्हणजे स्वस्त शाई या कंपन्यांना देता येते. पण त्या प्रिंटरचा भाव त्याने बारा हजारांच्या पुढे सांगितला.

मला सगळ्यात जास्त लागतं ते इथे. ज्याच्या हातात एकरकमी बारा हजार आहेत त्याला पान पंचवीस पैशांच्या आत पडतं. ज्याने कसेबसे साडेतीन हजार जमवले त्याला तेच पान साडेअकरा रुपयांना. आणि त्या साडेतीन हजारांच्या डब्यावर हे कुठेही लिहिलेलं नसतं. माझ्याकडे विचारायला आलेल्या दोघींपैकी एकीने पैसे गणपतीच्या बोनसमधून बाजूला ठेवले होते.

मी घरातल्या वस्तू बघत फिरले. फ्रीजवर ताऱ्यांचं लेबल आहे, २००६ पासून हे लेबल आपल्याकडे आलं, त्यावर फ्रीज वर्षाला किती युनिट वीज खाईल ते छापलेलं आहे. त्यामुळे दुकानात उभं राहून आपण हिशोब करू शकतो की आज दोन हजार जास्त दिले तर बिलात किती वाचतील. वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे डब्यावर माल किती आहे ते लिहावं लागतं, आता तर ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती पैसे पडले तेही. खोबरेल तेलाच्या बाटलीवर ते आहे. शाम्पूच्या पुडीवरही मिलिलिटर लिहिलेले असतात. माझ्या ८४९ रुपयांच्या कार्ट्रिजच्या डब्यावर लिहिलं आहे, निव्वळ परिमाण १ नग. आत शाई किती, ते मी चष्मा लावून चारही बाजूंनी शोधलं. मला सापडलं नाही.

माझी मागणी एवढीच आहे की इंकजेट असो वा लेझर, घरगुती प्रिंटरच्या प्रत्येक डब्यावर समोरच्या बाजूला, फ्रीजच्या लेबलाएवढ्या ठळक अक्षरात, कंपनीच्याच शाईने काळं पान किती रुपयांना आणि रंगीत पान किती रुपयांना पडतं ते छापणं सक्तीचं करावं. सोबत मिळणारी शाई पूर्ण भरलेली आहे की अर्धी, हेही. आणि पानांचा आकडा काढताना एका दमात छापून नव्हे, तर आठवड्याला दहा-बारा पानं अशा घरगुती वापराने मोजावा. कार्ट्रिजवर मिलिलिटर लिहावेत. रंग संपला म्हणून काळं अडवू नये, आणि अडत असेल तर ते विकण्याआधी सांगावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्याला मालाचं प्रमाण आणि किंमत याबद्दल माहिती मिळण्याचा हक्क दिलाच आहे. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळही सुरू केलं. शाई पुन्हा भरणं हीसुद्धा दुरुस्तीच आहे, तिला त्या हक्कात जागा मिळावी. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर माझी तक्रार नोंदवली आहे. हा क्रमांक मराठीतही बोलतो, वाचकांनी बिनधास्त फोन करावा. १९७५ पासून आपल्या शहरात काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीलाही हे पत्र पाठवत आहे, आणि सोबत माझ्या वहीच्या झेरॉक्स.

आणखी एक. संपलेल्या सात कार्ट्रिज माझ्याकडे एका बिस्किटाच्या डब्यात ठेवलेल्या आहेत. ई-कचऱ्याच्या नियमांच्या यादीत प्रिंटर आणि त्याच्या कार्ट्रिज यांचा स्पष्ट उल्लेख आहे, असा कचरा पुनर्चक्रणाला जाईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. मी कुठे द्यायच्या म्हणून विचारलं तर दुकानात म्हणाले, "कचऱ्यात टाका." कचऱ्यात टाकल्या तर त्या कुठे जाणार हे आम्हा कन्नमवार नगरवाल्यांना सांगावं लागत नाही. वारा फिरला की कांजूरच्या क्षेपणभूमीचा वास रात्री आमच्या खिडकीतून आत येतो. माझ्या हाताने त्या ढिगात भर घालायची नाही. नवी कार्ट्रिज विकणाऱ्या प्रत्येक काउंटरवर जुनी घेण्याची पेटी असावी आणि जुनी दिली तर नवीत पैसे कमी व्हावेत. भंगारवाला रद्दीचेसुद्धा पैसे देतो.

त्या दोघींना मी शेवटी काय सांगितलं, तेही लिहिते. दोघींनी तूर्त प्रिंटर घेऊ नये. मुलाचं काम आठवड्याला दोन-चार पानांचं असेल तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या दादांकडे व्हॉट्सॲपवर पाठवावं, येता-जाता उचलावं. माझ्यासारखं ज्यांचं कामच छपाईचं आहे त्यांनी पैसे साठवून टाकीचाच घ्यावा. ज्यांच्या घरी आधीच कार्ट्रिजचा आहे त्यांनी सेटिंगमध्ये नुसती काळी शाई निवडावी, नाहीतर काळं अक्षरसुद्धा तिन्ही रंग मिसळून काढलं जाऊ शकतं. आणि आठवड्यातून एकदा तरी एखादं पान काढावं, म्हणजे भोकं वाळत नाहीत.

आमच्या इमारतीतल्या बायकांची १२ जणींची भिशी आहे, महिना १,००० रुपये. माझा नंबर ऑक्टोबरमध्ये लागतो. त्यात थोडी भर घातली की टाकीचा प्रिंटर येईल, आणि घरात पेपर काढायला यायचं तर या, असं मी त्या दोघींना सांगून ठेवलं आहे. तोपर्यंत नकाशे मी फळ्यावर काढते आणि मुलं ते वहीत उतरवून घेतात. समुद्राला निळा खडू पुरतो.

आपली,
घरगुती शिकवणी घेणारी एक वाचक
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई